चाखायचं बोट

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली तेलबुवा म्हणते. आखडलेली मान, लचकलेला पाय घेऊन कोणी आलं की ते आमच्या पुढच्या खोलीत त्याला मालीश करायचे आणि जाताना घरी बनवलेल्या तेलाची बाटली त्याच्या गळ्यात मारायचे. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की बाटलीत बोट बुडवायचं, ते जिभेला लावायचं आणि म्हणायचं, "पोटात गेलं तरी गुणच येईल. एवढं शुद्ध!" गिऱ्हाईक गार. मला मात्र त्या बोटाचा संताप यायचा, कारण दाराशी बसून माझी दोन वर्षांची भिंगरी ते टक लावून बघायची.

"मामंजी, पोरीसमोर नका हो ते करू," मी सांगून सांगून थकले.

"तुझ्या माहेरी कधी असलं तेल बघितलंय का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नवरा अशा वेळी मूग गिळून बसायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

त्या दिवशी कपडे वाळत घालून मी आत आले, तर भिंगरी जमिनीवर पडलेली. डोळे फिरवलेले, अंग ताठ, हातापायांना झटके. शेजारी बाटली कलंडलेली. आमच्या भिंतींना, उशांना, अंगावरच्या कपड्यांनासुद्धा त्याच तेलाचा वास. तो तिच्या तोंडाला येतोय हे कळायला मला तिच्या ओठांना नाक लावावं लागलं. मी तिला उचललं आणि बाटली ओढणीत गुंडाळली.

सासरे आणि नवरा माझ्यामागोमाग रिक्षात चढले. सासरे मलाच दटावत होते. "तापाची फिट म्हणून सांगायचं. तेलाचं नाव काढलंस तर धंदा बसेल."

नात मांडीवर तडफडत होती आणि या माणसाला धंदा सुचत होता!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दारातच वास आला. त्यांनी भिंगरीला नर्सकडे देऊन आत पाठवलं. "काय प्यायलीय ही?"

"तापाची फिट आहे," सासरे म्हणाले.

"साफ खोटं!" मी बाटली टेबलावर आदळली. "हे प्यायलीय. यांनीच बनवलंय."

"काय काय घातलंय यात? किती? पटकन सांगा, पोरीचे झटके थांबत नाहीयेत."

"ते आमच्या घराण्याचं गुपित आहे," सासरे म्हणाले. "आणि विषबिष काही नाही त्यात. मी रोज चाखतो."

नवरा भिंतीकडे बघत उभा होता. भिंत तरी बरी, असं मला वाटलं.

"मग चाखा," मी म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी बोट बुडवलं. आजवर मी हे स्वयंपाकघराच्या दारातून, त्यांच्या पाठीमागून बघितलं होतं. आज मी हाताच्या अंतरावर होते. तेलात गेलं ते मधलं बोट. जिभेवर आलं ते शेजारचं, कोरडं.

मी त्यांचं मनगट पकडलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा नसतो म्हणे. धरला.

"हे नाही. ते ओलं."

ओलं बोट मी त्यांच्या ओठांपाशी नेलं. त्यांनी तोंड गच्च मिटलं.

मग मान खाली घालून सगळं सांगितलं. कापूर, भरपूर कापूर, दुखण्याच्या मलमात घालतात ते विंटरग्रीनचं तेल, प्रत्येकाचं माप. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला आणि त्या आत धावल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "पोरगी तुमचीच नक्कल करत होती. फक्त तिला लबाडी जमली नाही."

 

संध्याकाळी भिंगरीनं डोळे उघडले. अजून नजर ठेवावी लागेल, पण जिवावरचं टळलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी रडून घेतलं. तेवढ्यात सासरे खाटेशी आले. भिंगरी त्यांचं बोट धरूनच चालायला शिकली होती. त्यांनी हात पुढे केला. "भिंगरे, धर बघू आजोबांचं बोट."

तिनं हात उचलला. मी तो माझ्या हातात घेतला.

"कुठलं बोट, मामंजी?" मी विचारलं.