चिठ्ठीवाली

दुपारी दोन ते चार या वेळात चष्मेवाल्याच्या दुकानात सहसा कुणी फिरकत नसे. बायको होती तोवर तो या वेळात घरी जाऊन जेवायचा आणि डुलकी काढायचा. ती गेल्यावर त्यानं दुपारचं घरी जाणं सोडलं. डबा दुकानातच खायचा, काउंटर पुसायचा, पुसलेला पुन्हा पुसायचा आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघत बसायचा.

अशाच एका दुपारी कादंबरीकार आत आले. चष्म्याची दांडी सैल झाली होती. दोन मिनिटांचं काम. पण काम झाल्यावरही ते उठले नाहीत.

"इथे बरं वाटतंय," ते म्हणाले. "बसू का थोडा वेळ?"

चष्मेवाल्यानं त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण त्यांना ओळखत नाही असं त्या भागात कुणी नव्हतं. मागच्याच रस्त्यावर त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या फाटकाशी उभं राहून परगावचे लोक फोटो काढत. कादंबरीकार रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागले, तसा चष्मेवाल्याचाही भाव वधारला. शेजारचा शिंपी रोज विचारायचा, "आज काय म्हणाले?" औषधांच्या दुकानातल्या बाईंना त्यांचं बायकोशी पटतं का, हे हवं होतं. एकदा एक प्राध्यापिका दोन तासांचा प्रवास करून आल्या आणि अगदी कादंबरीकारांसारखीच फ्रेम मागू लागल्या.

"तुमचा नंबर किती?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मला नंबर नाही हो. मला सगळं स्वच्छ दिसतं," त्या म्हणाल्या. "पण फ्रेम तीच द्या."

त्यानं साध्या काचा बसवून दिल्या. संध्याकाळी शिंप्याला सांगताना त्याला हसू आवरेना. किती तरी महिन्यांनी तो असा हसला होता.

खरी गंमत अशी की कादंबरीकार स्वतःविषयी चकार शब्द बोलत नसत. ते ऐकत. समोर बघायचं नाही, चष्मेवाल्याच्या हातांकडे बघायचं आणि तो थांबला की हळूच म्हणायचं, "मग?" त्या "मग?"ला तो भुलला. बायकोबद्दल त्याला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. भाऊ म्हणायचा, झालं ते झालं. मुलगी फोनवर विचारायची, जेवलात का?

त्यानं सगळं सांगितलं. बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि उरलेले चार महिने ती चिठ्ठ्यांवर बोलली. दुकानातल्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहायची. रागावली की अक्षर मोठं यायचं. शेवटी शेवटी हात थरथरू लागला, तेव्हा ती त्याच्या तळव्यावर बोटानं अक्षरं काढायची आणि ती त्याला नेहमी कळायचीच असं नाही. हे सांगताना त्याला रडू फुटलं. कादंबरीकारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला.

वसंत संपता संपता ते यायचे थांबले. "लिहायला बसलोय," एवढा निरोप त्यांनी शिंप्याकडे ठेवला. चष्मेवाला मनात म्हणाला, मोठी माणसं, त्यांना काय कमी कामं असतात? तरी दोन वाजले की त्याची नजर दाराकडे जाई.

वर्षभरानं एक मुख्याध्यापिका जवळच्या नंबरासाठी आल्या. चाचणीची फ्रेम नाकावर चढवून त्यानं त्यांच्या हातात बारीक अक्षरांचा कागद दिला. त्या म्हणाल्या, "कागद कशाला? माझ्याकडे हे आहे ना." पिशवीतून त्यांनी एक नवं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"'तिचा आवाज गेला आणि मी तिचं अक्षर ऐकायला शिकलो. ती रागावली की अक्षर मोठं होई...'"

चष्मेवाला काच बदलायची विसरला.

"'मग चिठ्ठ्याही संपल्या. ती माझ्या तळव्यावर बोटानं लिही आणि मी समजल्यासारखं करी...' आता एकदम छान दिसतंय हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अहो, काय झालं?"

"काही नाही. पुढं वाचा."

"पुढचं मला रडल्याशिवाय वाचता येत नाही." त्यांनी पुस्तक मिटलं आणि आवाज खाली आणला. "हे त्यांचं स्वतःचं आहे, माहीत आहे? लग्नाबाहेरचं. सगळे शोधतायत, ही चिठ्ठीवाली कोण म्हणून. तुमच्याकडे यायचे ना ते? कधी काही बोलले नाहीत?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

त्यानं पुस्तक विकत घेतलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. आयुष्यात वाचलेली ती पहिली कादंबरी. तीत लबाडी कुठं सापडेना, हीच पंचाईत होती. फार सुंदर लिहिलं होतं. फक्त तो स्वतः त्यात नव्हता. त्याच्या जागी 'मी' होता आणि तो 'मी' उंच, देखणा आणि पुस्तकं लिहिणारा होता.

पुढल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या सभागृहात कादंबरीकारांचा कार्यक्रम झाला. चष्मेवाला मागे, खांबाशी उभा राहिला. प्रश्नांची वेळ आली आणि पहिल्याच बाईंनी विचारलं, "ती कोण होती, हे कधीतरी सांगाल का?"

कादंबरीकारांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला. "काही नावं घ्यायची नसतात," ते म्हणाले.

 मग टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत कादंबरीकारांची बायको बसली होती आणि आजूबाजूचे सगळे तिच्याकडे वळून बघत होते. तीही टाळ्या वाजवत होती. चष्मेवाल्याला वाटलं, हात वर करावा. पण हात वर करून म्हणायचं काय? ती माझी बायको होती? लोक हसले असते, नाहीतर वाटेनं मागं आले असते. तो घरी गेला.

कादंबरीकारांची बायको दुकानात आली ती पावसाळ्यानंतर. येताना तिनं दार ओढून घेतलं आणि कादंबरीकार बसायचे त्याच खुर्चीवर बसली.

"चष्मा करायचाय का, वहिनी?"

"करू. आधी एक विचारायचंय." ती मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. "घरी रोज दोन तरी फोन येतात. बाजारात बायका माझ्याकडे असं बघतात, जसं काही माझ्याच घरात कुणी वारलंय आणि मलाच कळवलेलं नाही. ह्यांना विचारलं की म्हणतात, कल्पना आहे. पण कल्पनेला इतकं बारीक दिसतं का हो? वर्षभर ते इथं बसत होते. तुम्हाला माहीत असणार. कोण होती ती?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण समोरची बाई कितीतरी रात्री झोपलेली नव्हती, हे डोळे तपासणाऱ्याला कुणी सांगायला नको.

"ती माझी बायको, वहिनी."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, तशी ती ताडकन उठली. "तुमची बायको आणि हे?"

"नाही, नाही! बसा. त्यांनी तिला पाहिलंही नाही. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. एवढंच."

ती बसली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. चष्मेवाल्यानं काचा पुसायचं फडकं पुढं केलं, तर तिनं त्यानंच डोळे टिपले.

"तुम्ही गप्प का राहिलात?"

"बोलून काय झालं असतं? माझ्या दारात रांग लागली असती."

तिनं फडक्याची घडी घातली. मग तिनं विचारलं, "चिठ्ठ्या आहेत अजून?"

त्यानं खालच्या खणातून चष्म्याचं मोठं घर काढलं आणि तिच्यासमोर उघडून ठेवलं. आजवर त्यानं ते कुणालाच दाखवलं नव्हतं, मुलीलाही नाही. ती एकेक चिठ्ठी उलगडत गेली. 'अहो, दूध!' 'पंखा बारीक करा.' 'शेजारणीला सांगा मी झोपलेय.' 'चिरलेलं मीठ नको' असं एकीवर होतं आणि ते काय होतं हे त्यालाही आजवर उमगलं नव्हतं. एकीवर नुसतंच मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलेलं.

"आणि पुस्तकातली ती शेवटची?" तिनं विचारलं. "'तू गप्प बसशील तिथे मी राहीन.' लोकांना तोंडपाठ आहे ती."

चष्मेवाल्यानं सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा पाहिल्या. ती चिठ्ठी बायकोनंच लिहिली होती, असं त्याला गेले काही महिने पक्कं वाटत होतं. कागदाचा कोपरा फाटलेला होता, हेही आठवत होतं. चिठ्ठी मात्र नव्हती. खण रिकामा करून पाहिला, तरी नव्हती. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"नाही, वहिनी. ती तिची नव्हे. तिनं मला जन्मात कधी 'तू' म्हटलं नाही."

बोलून गेल्यावर त्याला चूक कळली. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मीही ह्यांना नाही म्हटलं." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे ती ओळ कुणाची तरी आहेच."

"लिहिताना सुचत असेल."

"असेल," ती म्हणाली. तिनं चिठ्ठ्या पुन्हा नीट घड्या घालून ठेवल्या, डोळे तपासून घेतले आणि त्यानं दाखवलेली पहिलीच फ्रेम पसंत केली. जाताना दाराशी थांबली. "मी कुणाला सांगणार नाही. पण एक सांगू? मला तुमचीच बायको जास्त आवडली. ती 'अहो, दूध!'वाली."

चष्मा न्यायला ती आली नाही, घरकामाच्या बाई आल्या. कादंबरीकार हिवाळ्यात एकदा आले. नाकाचं पॅड निसटलं होतं. चष्मेवाल्यानं ते बसवून दिलं.

"रागावलात?" त्यांनी विचारलं. ते थकलेले दिसत होते. "तुमचं नाव घालायला हवं होतं का?"

"नको होतं."

"मग?"

तोच जुना "मग?" होता. चष्मेवाल्याला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. ती मुख्याध्यापिका, तो खांब, ती नसलेली चिठ्ठी, रिकामा केलेला खण. त्यानं चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.

"मला जरा काम आहे," तो म्हणाला.

दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. कादंबरीकारांनी ते पाहिलं, मान हलवली आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या दिवशी दुपारी त्याला डबा जाईना. बायकोचा आवाज आठवून पाहावा म्हणून त्यानं डोळे मिटले, पण त्याला वाचणाऱ्या मुख्याध्यापिकेचाच आवाज ऐकू येत राहिला. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. शिंप्याला नाही, मुलीला फोनवर तर नाहीच. नीट, घाई न करता ऐकून घेईल असा एकच माणूस त्याला ठाऊक होता, आणि त्याला तर त्यानं नुकतंच काम आहे म्हणून वाटेला लावलं होतं.