तोंडाळ ताईचा सिनेमा

ताईला तिच्या नवऱ्याने ठार मारलं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. संसार मोडायचं ठरवून ती बॅग भरून उंबऱ्याबाहेर पडली होती. त्याने मागून डोक्यात इस्त्री घातली आणि स्वतःच पोलीस चौकीवर गेला. त्याला जन्मठेप झाली.

दोन वर्षांनी एक दिग्दर्शक धाकट्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानात आला. त्याला या खटल्यावर सिनेमा काढायचा होता.

"तुमच्या ताई स्वभावाने कशा होत्या?"

"तोंडाळ," धाकटी म्हणाली. "बोलायला लागली की तीन मजले ऐकायचे. नवऱ्याचं तर एक ऐकून घ्यायची नाही."

त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. नटीचे कपडे शिवायचं कामही तिलाच दिलं. नटीची कंबर ताईपेक्षा चार इंच कमी होती. धाकटीने मापाप्रमाणे शिवलं.

सिनेमातली ताई मान खाली घालून वावरत होती. शेवटी ती दारापर्यंत जाते, थबकते, बॅग खाली ठेवून परत फिरते, आणि मग तो तिला मारतो. खेळ सुटल्यावर धाकटीने दिग्दर्शकाला गाठलं.

"ती परत फिरली नव्हती हो."

"ठाऊक आहे मला," तो शांतपणे म्हणाला. "पण तोंडाळ बाईसाठी लोक रडत नाहीत."

लोक ढसाढसा रडले. सिनेमा बत्तीस आठवडे चालला. पुढे सिनेमा शिकवणाऱ्या शाळांत ते बॅग ठेवणं धडा म्हणून दाखवू लागले.

आई पहिल्यांदा बघून आली तेव्हा चिडली होती. "कोण ही गरीब गाय? माझी पोर अशी होती का?" पण नंतर टीव्हीवर तो वरचेवर लागायचा आणि आई दरवेळी बघायची. ऐंशी उलटली, विसरायला लागली, तेव्हा एका दुपारी ती धाकटीला म्हणाली, "निघालीच होती गं, पण परत फिरली. मी घरी ये म्हटलं असतं तर वाचली असती."

धाकटीच्या हातातली सुई थांबली. खरं सांगावं, तर आपल्याच शब्दावर ताई घर सोडून निघाली आणि मारली गेली, हे आईला कळणार होतं. गप्प बसावं, तर ताई त्या नटीसारखीच उरणार होती.

"तू म्हणाली होतीस, आई. फोनवर. आणि ती निघाली होती."

आई तिच्याकडे वळली.

"घाबरली होती का?"

"छे! जिन्यात उभी राहून त्याला शिव्या घालत होती. शेजारच्यांनी कोर्टात सांगितलं ना."

आई आधी हसली, मग रडली.

दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरली होती. धाकटीने तिला पुन्हा सांगितलं.