एकटीने उचलता येईल अशी गाडी

नोव्हेंबरच्या तीस तारखेला रामसिंग रिटायर झाला. धडगावच्याही वर, डोंगरात, जनावरांच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात त्याने बत्तीस वर्षं परिचर म्हणून काढली होती. निरोपाचा समारंभ शाल, नारळ आणि मोबाइलवरचा एक फोटो एवढ्यातच आटपला, कारण दवाखान्यात माणसं दोनच होती, तो आणि डॉक्टर रूपल.

रूपल शहाद्याची. वडील माणकचंद यांचं तिथे बाजारात कापडाचं दुकान. पाच पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेल्या त्या घरात गुरांची डॉक्टर झालेली ही पहिलीच, आणि तिशी उलटून लग्न न झालेलीही पहिलीच. चार वर्षांपूर्वी तिची नेमणूक इथे झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, सहा महिन्यांत बदली करून घेईल. तिलाही तसंच वाटलं होतं.

मग रामसिंगच्या जुन्या मोटारसायकलवर मागे बसून ती पाड्यापाड्यांवर हिंडू लागली. मांडीवर औषधांची पेटी आणि डोळ्यांसमोर रामसिंगची खाकी पाठ. इथली पावरी बोली तिला येत नव्हती. बायका तिच्याशी भरभरून बोलायच्या आणि रामसिंग त्याचं मराठी करायचा, "म्हणते, बैल खात नाही." एवढं लांबलचक बोलणं एवढ्याशा वाक्यात कसं मावतं, हा प्रश्न तिला कधीकधी पडायचा, पण तिने विचारलं नाही.

शेवटचे दोन महिने त्याने तिला शाळेच्या मैदानावर गाडी शिकवली. स्कूटी तिला यायची, गिअरची गाडी नवी होती. जायच्या दिवशी शाल घडी करून पिशवीत ठेवत तो म्हणाला, "बाई, गाडी घ्याल ती बघून घ्या. पोट जमिनीपासून उंच पाहिजे, इथले दगड वाईट. आणि किक असली पाहिजे. बॅटरी बसली तर जंगलात कोण येणार?"

"अजून काय बघू?"

त्याने पिशवीचा बंद आवळला. "पडली तर एकटीने उचलता आली पाहिजे. आता मी नाही."

दुसऱ्या दिवशी तो नर्मदेच्या काठच्या आपल्या पाड्यावर निघून गेला. तिथे फोन लागत नाही.

शनिवारी रूपल एसटीने नंदुरबारला उतरली. स्टँडबाहेर रिक्षात बसली तर हवेत मिरचीचा खकाणा होता, शोरूमच्या दारात पोचेपर्यंत चार शिंका झाल्या. आतला तरुण सेल्समन पाणी घेऊन आला.

"ताई, गाडी कोनासाठे देखी ऱ्हायनात?"

"मन्हासाठे."

"मंग स्कूटी देखा ना! नवीन रंग येल शेत."

तिने सांगितलं, डांबरी रस्त्यावर चालणारी आणि पायवाटेवरही चढणारी गाडी हवी. मी नवशिकी आहे. उड्या मारायच्या नाहीत, नाले ओलांडायचे आहेत. सेल्समनने तिला कोपऱ्यातल्या एका उंच पांढऱ्या गाडीपाशी नेलं. दोनशे सीसी, पुढचं चाक मोठं, मडगार्ड चोचीसारखं वर, टायरला मातीत पकड घेणाऱ्या जाड गुट्ट्या. लडाखला जाणारी पोरं हीच नेतात, तो म्हणाला. रूपल टांग टाकून बसली. दोन्ही पायांची फक्त बोटं फरशीला टेकली, आणि गाडी जरा कलली तसा सेल्समनने धावत येऊन हॅंडल धरला.

"सवय व्हई जाई, ताई."

"ही आडवी करून दाखवता का? उचलून बघायची आहे मला."

सेल्समन हसला. ती थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर चष्मा कपाळावर चढवून आले आणि नवी गाडी जमिनीवर आडवी करता येणार नाही म्हणून अदबीने सांगून गेले. त्यांचंही बरोबर होतं. रूपलने आजूबाजूला पाहिलं. शोरूममध्ये आणखी तीन गिऱ्हाइकं होती आणि तिन्ही ठिकाणी अख्खी कुटुंबं आली होती. एक आजी सोफ्यावर बसून पेढे वाटत होत्या.

मागच्या वर्कशॉपमधून हात पुसत एक चाळिशीचा मेकॅनिक दारात आला होता. खिशावर 'गोकुळ' असं दोऱ्याने शिवलेलं.

"ताई, आठे या," तो म्हणाला. "हाई आमनी ट्रायलनी गाडी शे. रोज पडस. हिले आडी करू."

ती गाडी पांढरीपेक्षा बुटकी होती. दीडशे सीसी, रंग उडालेला, सायलेन्सर वर वळवलेला, इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा. उजव्या अंगाला किक. गोकुळने ती गोणपाटावर आडवी निजवली.

रूपलने हॅंडल धरून ओढली. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदा तेवढीही उठली नाही. सेल्समन दारात येऊन बघत होता.

"हातवरी नका उचलू," गोकुळ म्हणाला. "तिनाकडे पाठ करा. बसा. एक हात हॅंडलले, एक मांगला दांडीले. आते पायवरी उठा, आन् मांगे मांगे चाला."

तिने तसं केलं. पाठीला सीटची कड लागली आणि गाडी तिच्यासोबत उभी राहिली. तिने स्वतःहून ती पुन्हा निजवायला लावली, आणखी दोनदा उचलली. मग गोकुळने शॉकअप दाबून दाखवले, टायर निम्मे रस्त्याचे निम्मे मातीचे आहेत ते समजावलं आणि सांगितलं, याचं सामान धडगावच्या साध्या गॅरेजातही मिळतं, उंच गाडीचं मागवावं लागेल. वेग कमी आहे, हेही लपवलं नाही.

"वेग नको मला," रूपल म्हणाली. "हीच द्या. नवी."

आठ दिवसांनी ती गाडी न्यायला गेली. सेल्समनने पुठ्ठ्याची मोठी किल्ली काढली, फोटोसाठी.

"घरना कधी येतीन, ताई?"

"नही येनार. काढा."

एवढी मोठी किल्ली एकटीने धरायची कशी, ते तिला कळेना. एक टोक तिने सीटवर टेकवलं. फोटोत ती डावीकडे उभी आहे आणि उजवीकडे बरीच जागा मोकळी आहे.

प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडून ती शहाद्याला घरी थांबली. आईने, सायरबाईंनी, हॅंडलला कुंकू लावलं आणि टाकीवर स्वस्तिक काढलं. माणकचंदांनी दुकानातून येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. त्यांनी टायर दाबून बघितला. मग मागच्या सीटकडे बघत विचारलं, "इथे कोण बसणार?"

"औषधाची पेटी."

दुकानातून सुताची जाड दोरी आणून त्यांनी पेटी कशी बांधायची ते स्वतः करून दाखवलं, गाठ दोनदा मारली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका थंड सकाळी दवाखान्यात फोन वाजला. मोडक्या मराठीत एक बाप्या ओरडून बोलत होता. नेटवर्कसाठी टेकडीवर चढलेला असावा. "आमलीपाडा. फुलवंताबाई. शेळी अडली. लवकर."

आमलीपाड्याला ती निदान दहा वेळा गेली होती. पेटी बांधून ती निघाली. डांबरी संपली, नाल्यातले गोटे आले. तिने पहिला गिअर टाकला, पाय फुटरेस्टवर दाबून जरा उठली आणि गाडी खडखडत पलीकडे चढली. तिला हसू आलं. मागे वळून कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

पुढे एका मोठ्या महूच्या झाडापाशी वाट फुटली.

रूपल थांबली. एक वाट डावीकडे उतरत होती, एक उजवीकडे चढत होती. दोन्ही सारख्याच मळलेल्या. दहा वेळा ती या झाडाखालून गेली होती आणि दहाही वेळा तिच्यासमोर रामसिंगची पाठ होती. धूळ येते म्हणून ती इथे डोळे मिटून घ्यायची, हेही तिला आता आठवलं. विचारायला चिटपाखरू नव्हतं. ती उजवीकडे वळली.

वीस मिनिटांनी तीन घरं लागली. दारांना काटेरी फांद्या लावून ठेवलेल्या, अंगणात गवत. माणसं गुजरातेत कामाला गेलेली, होळीशिवाय परतायची नाहीत. "कुणी आहे का?" तिने हाक मारली आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. फोनवर नेटवर्क नव्हतं. ती गाडी वळवून आली त्याच वाटेने परत निघाली.

महूपासून डावी वाट धरून आमलीपाड्याला पोचली तेव्हा पाऊण तासाचा उशीर झाला होता. फुलवंताबाई, साठीची सडसडीत बाई, कुडाच्या घरापुढे शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पिल्लाचं फक्त तोंड बाहेर आलेलं, सुजलेलं, जीभ निळी. पुढचे पाय आत दुमडलेले. रूपलने खुणेने कोमट पाणी मागितलं, साबण लावून हात घातला. पिल्लू गेलं होतं, पण अंग अजून सैल होतं. जाऊन फार वेळ झाला नव्हता. तिने ते मागे ढकललं, एकेक पाय सरळ केला आणि ओढून काढलं. आत आणखी एक होतं, मागच्या पायांकडून येणारं. ते झरकन आलं. तिने नाक पुसलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, गोणपाटाने खसाखसा घासलं. पिल्लू शिंकलं.

फुलवंताबाई बोलायला लागली. कितीतरी वेळ बोलली. मेलेल्या पिल्लाकडे, जिवंत पिल्लाकडे, डोंगराकडे हात करत, मध्येच डोळे पुसत. रूपल तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हे एका वाक्याचं बोलणं नव्हतं. यात शेळीपलीकडचं खूप काही होतं आणि ती चार वर्षं ते ऐकत असूनही तिच्यापर्यंत आलं नव्हतं. शेवटी एक शब्द तिला कळला.

"रामसिंग?"

रूपलने नर्मदेच्या दिशेला हात केला. मग दोन्ही हात उघडून रिकामे दाखवले. बाईने त्या दिशेला बघितलं.

"मी वाट चुकले," रूपल म्हणाली. "माझ्यामुळे उशीर झाला." बाईला यातलं किती समजलं कोण जाणे. तिने आतून ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला आणि रूपल जेवेपर्यंत समोर बसून राहिली. शेळी पिल्लाला चाटत होती.

निघताना रूपलने गाडीला किक मारली तशी फुलवंताबाई उठली आणि अनवाणीच पुढे चालू लागली. रूपलने पेटी उचलून पुढे टाकीवर घेतली, मागची सीट थोपटली, बसा म्हणून खुणावलं. बाईने मान हलवली. ती चालतच राहिली आणि रूपल पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला टेकवत टेकवत, तिच्यामागून निघाली.

महूच्या झाडापाशी बाई थांबली. तिने खाली वाकून तीन दगड गोळा केले, आमलीपाड्याच्या वाटेच्या तोंडाशी एकावर एक ठेवले आणि त्यांच्याकडे बोट दाखवून पुन्हा काहीतरी सांगितलं, बरंच काही. रूपलने इंजिन बंद करून ते सगळं ऐकून घेतलं. त्यातलं तिला काही कळलं नाही.

बाई वळली आणि आल्या वाटेने उतरून गेली. तिचं लाल लुगडं झाडांत दिसेनासं होईपर्यंत रूपल तिथेच बसून राहिली. मग तिने पेटी मागे घेतली, दोरीची गाठ दोनदा मारली आणि खाली दवाखान्याकडे निघाली.