कुणीही दुरुस्त करावं असं पान

प्रमोदिनी बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या त्या कंपनीत सतरा वर्षं होती. कंपनी यंत्रमागांची कंट्रोल पॅनेलं बनवायची आणि बिघडलेल्या पॅनेलांच्या तक्रारी सगळ्या तिच्या टेबलावर यायच्या. अठ्ठ्याण्णव साली पुण्याहून निहार आला, वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान आणि पदाने दोन पायऱ्या वर. महिन्याभरात त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर एक नवी गोष्ट आणली : सगळ्यांनी मिळून लिहायची पानं.

"इथे कुणीही लिहायचं, कुणीही सुधारायचं. लहान-मोठा भेद नाही," तो मीटिंगमध्ये म्हणाला. आठवड्याला माणशी दोन पानं सक्तीची झाली.

मग काय विचारता! स्टोअरवाल्याने आरोग्याच्या टिपा उतरवल्या, अकाउंट्सने सुविचार, आणि निहारच्या पुढेपुढे करणाऱ्या दोघांनी त्याच्या भाषणाचाच सारांश वेगवेगळ्या शब्दांत टाकला. प्रमोदिनीला किळस आली. पानांची संख्या भिंतीवरच्या तक्त्यावर चढत होती आणि कामाचं एक अक्षर कुठे नव्हतं.

त्यातल्या त्यात कामाचं पान एकच होतं, खुद्द निहारचं : नवं पॅनेल कसं उघडावं. त्यात लिहिलं होतं, वीज बंद करून अर्धं मिनिट थांबा. जुन्या, लहान पॅनेलाचा आकडा त्याने जसाच्या तसा उचलला होता. नव्या पॅनेलाच्या पोटात वीज बंद केल्यावरही चांगली पाच मिनिटं साठून राहायची. प्रमोदिनीने 'पाच मिनिटं' केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'अर्धं मिनिट'. तिने पुन्हा बदललं. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

"तुम्ही माझं पान बदललंत?"

"कुणीही बदला, तुम्हीच म्हणालात ना सर."

"अहो, त्याच्यामागचं स्पिरिट समजून घ्या. हेडचं पान आहे ते. आधी मला विचारायचं."

"विजेला स्पिरिट कळत नाही, सर."

निहार हसला नाही. संध्याकाळपर्यंत त्या पानाला कुलूप लागलं. फक्त हेडने बदलायचं, असं वर ठळक आलं. मरेना का, प्रमोदिनी मनाशी म्हणाली. मूर्खांना मूर्खपणा मुबारक. त्या दिवसापासून तिने कॉम्प्युटरवरची ती पानं उघडणंच सोडलं, आणि स्वतःच्या या तुच्छतेचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

पुढच्याच महिन्यात प्राणेश दावणगेरेच्या गिरणीत नवं पॅनेल दुरुस्त करायला गेला. दहा वर्षांचा जुना, सरळ मेकॅनिक. निघताना तो तिच्या टेबलाशी उभा राहिला होता. "अक्का, नव्या पॅनेलाचं काही स्वल्प सांगायचंय का?"

"तुमच्या साहेबांच्या पानावर सगळं आहे की," ती फायलीतून मान वर न करता म्हणाली.

त्याने पान वाचलं, अर्ध्याऐवजी एक मिनिट थांबला आणि हात घातला. तळवा भाजला, करंगळी आणि शेजारचं बोट गेलं.

हॉस्पिटलात तो तिला म्हणाला, "मी दुप्पट थांबलो होतो, अक्का." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला तिथे उभं राहवेना.

ऑफिसात परतेपर्यंत निहारने पान पुसलं होतं. पण ती यंत्रणा प्रत्येक बदल नाव आणि वेळेसकट जपून ठेवायची, हे यंत्रणेचं कौतुक करताना निहारनेच सांगितलं होतं. प्रमोदिनीने सगळ्या जुन्या आवृत्त्या छापल्या आणि मालक श्रीधररावांच्या पुढ्यात ठेवल्या. निहार कॉलरशी चाळा करत "कम्युनिकेशन गॅप" असं काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडे बघताना तिला पाल बघितल्यासारखं झालं.

श्रीधररावांनी कागद वाचले. मग त्यांनी चष्मा काढला. "सरी, ठीक आहे. दोनदा दुरुस्त केलंत. पण प्राणेश जाताना तुमच्याशी बोलून गेला होता ना? तोंडाने का नाही सांगितलंत?"

प्रमोदिनीने टेबलावरचे कागद पुन्हा एकत्र लावले.

निहार दोन महिन्यांत मुंबईच्या ऑफिसात गेला, म्हणे बढतीवर. पानांचं काम प्रमोदिनीच्या गळ्यात आलं. तिने सुविचार, टिपा, भाषणं सगळी पुसली, निहारने पुसलेलं पॅनेलाचं पान परत आणून त्याचं कुलूप काढलं आणि पहिल्या ओळीत 'पाच मिनिटं' लिहिलं. मग ती उठली, खाली वर्कशॉपमध्ये गेली आणि एकेका मेकॅनिकसमोर उभी राहून तेच तोंडाने सांगू लागली.