मधली कूस

वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. सिस्टर, डॉक्टर, रोगी, रोग्यांना भेटायला येणारी माणसं, सगळेच. बावीस वर्षांत त्या लांबट खोलीतल्या सोळा खाटांवर तिने किती जणांची कूस बदलली असेल, ते एक देवच जाणे. ज्याला आपलं आपण हलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, पाठीला उशीचा टेकू द्यायचा, चादरीची सुरकुती काढायची. नाही केलं तर कातडी आधी लाल होते, मग काळी, आणि मग जखम आत हाडापर्यंत उतरते. त्याला तिथे बेडसोर म्हणत. मावशी त्याचं नावही मोठ्याने घेत नसे.

त्या दुपारी सिस्टरांच्या खोलीत चहा आला आणि मावशीला बसायला खुर्ची दिली गेली. तिला धडकीच भरली. बावीस वर्षांत तिला त्या खोलीत खुर्ची दोनदाच मिळाली होती, आणि दोन्ही वेळा बातमी वाईट होती.

"बसा हो निवांत," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "आज मान तुमचा आहे."

डॉक्टरबाई म्हणजे तिशीची चष्मेवाली पोर. औषधं लिहून द्यायला नव्हे, तर अभ्यास करायला आलेली. दहा महिन्यांपूर्वी नव्या जाड गाद्या आल्या, त्यांच्या मागोमाग ती आली. तिचा प्रश्न सरळ होता. गादी एवढी चांगली असेल, तर माणसाला दर दोन तासांनी हलवायलाच हवं का? चार तासांनी भागणार नाही? रोग्याची झोप मोडणार नाही, हलवणाऱ्याची कंबर मोडणार नाही. मग तिने रोग्यांच्या सह्या घेतल्या आणि खाटांना चिठ्ठ्या लावल्या. निळी चिठ्ठी असेल तर दर दोन तासांनी वळवायचं, पिवळी असेल तर दर चार तासांनी. वळवलं की पायथ्याच्या कागदावर वेळ लिहायची. बस.

"दोन्ही चिठ्ठ्यांच्या खाटा अगदी सारख्या निघाल्या," डॉक्टरबाई सांगत होत्या. "पिवळ्यांवर एकही जखम जास्त नाही. चार तास पुरतात, मावशी. सोमवारी मी हे सगळ्यांपुढे मांडणार. मग इथे सगळ्या वॉर्डांत हाच नियम होईल, आणि आमचा लेख छापून आला की बाहेरही होईल."

"मावशींची कंबर तुम्हाला जन्मभर दुवा देईल बघा," सिस्टर म्हणाल्या.

मावशी हसली नाही. कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

कारण पिवळ्या खाटांवर चार तास कुणी कधी थांबलंच नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच तिचा पाय पिवळ्या खाटेपाशी अडू लागला. दोन तास झाले की हात आपोआप शिवशिवत. तिला वाटे, आपण नियम कुठे मोडतोय? पूर्ण कूस काही बदलत नाही. नुसता कमरेखाली हात घालून जरासा कल द्यायचा, उशी सरकवायची, टाच उचलून धरायची. दोन मिनिटांचं काम. कागदावर कशाला लिहायचं? दया का कुठे टिपून ठेवतात? दुसऱ्या पाळ्यांच्या मावश्या तिच्याच हाताखाली शिकलेल्या. त्याही तसंच करू लागल्या. त्या आपसात याला मधली कूस म्हणत.

तीन नंबरच्या पिवळ्या खाटेवर कमरेखाली लुळे पडलेले एक घड्याळजी होते. चाळीस वर्षं दुकानात बसून घड्याळं दुरुस्त केलेली. ते म्हणत, "मावशी, तुमचं घड्याळ दोन तास पुढे पळतंय. आणा, काटे लावून देतो." ती म्हणे, "तुम्ही आधी तो कोपर आत घ्या."

संध्याकाळी घरी नवरा शिवणयंत्रावर कुणाची तरी विजार आखूड करत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने सुई थांबवली नाही.

"म्हणजे तू काम जास्त केलंस आणि ते लपवलंस," तो म्हणाला. "लोक उलटं करतात."

"थट्टा नको, अहो."

"मग तोंड मिटून राहा. दोन वर्षांवर निवृत्ती आलीये. ती शिकलेली माणसं आहेत. पुरतात म्हणतात तर पुरत असतील चार तास."

"त्यांना ते कुणी सांगितलं? माझ्याच कागदांनी ना?"

यंत्र थोडा वेळ चालत राहिलं, मग थांबलं. त्याची आई याच खोलीत सहा महिने अंथरुणावर होती. तेव्हा मावशी बावीस-तेवीसची सून. न्हाऊ घालायची, भरवायची, पण कूस बदलायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "काही नाही गं, जरा टोचतंय." पुढे वास आला तेव्हा पाठ उघडून पाहिली.

"आईची पाठ काळी पडायच्या आधी किती दिवस लाल होती गं?" त्याने विचारलं.

"मला कुठे माहीत. मी पाहिलीच नव्हती."

तो विजारीचा दोरा तोडत म्हणाला, "जा, सांगून टाक. नोकरी गेली तर काज-बटणं करायला बस माझ्याजवळ. पण मग इथे माझं ऐकावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. कागदांचे गठ्ठे खिडकीपर्यंत पोचले होते. मावशी उभ्यानेच बोलली. तसूभरही इकडेतिकडे केलं नाही.

"किती वेळा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"रोज."

"कोणत्या खाटांवर?"

"पिवळ्या सगळ्या. आणि बाकीच्या मावश्यांचा दोष नाही. मीच लावली त्यांना सवय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दहा महिने, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं.

"मी त्यांचं वाईट नाही केलं, बाई."

"त्यांचं नाही केलंत. पण माझा कागद वाचून कुठल्या तरी लांबच्या वॉर्डातली एखादी मावशी उद्या चार तास थांबली असती. तिला वाटलं असतं, पारखून घेतलेलं आहे. आणि तिथे मधून उशी सरकवायला तुम्ही नसता."

रात्रभर तिने जे मनात चाचपडत धरलं होतं, ते पोरीने एका दमात समोर ठेवलं.

"चार तास खरंच पुरत असतीलही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नसतीलही. आता तेसुद्धा कळायची सोय राहिली नाही."

सोमवारी डॉक्टरबाईंनी स्वतःच उठून सांगितलं की या आकड्यांवर विसंबू नये. मावशीला लेखी समज मिळाली. सिस्टर चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. आणि ज्यांच्याकडून तिला दोन गोड शब्दांची आशा होती, त्या घड्याळजींनीही तोंड फिरवलं.

"मी सही केली होती," शेवटी ते म्हणाले. "चार तासांवर सही होती माझी. मधे हलवत होतात ते बाईंना ठाऊक असेल, असं धरून चाललो. दुकान गेलं, पाय गेले. वाटलं, ही पाठ तरी कुणाच्या उपयोगी पडेल. ते पुण्यही तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. विचारायचं तरी होतंत."

मावशी त्यांच्या पायथ्याशी उभी राहिली. बावीस वर्षं ती या माणसांच्या पाठी राखत आली होती, पण त्यांना विचारावं असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच. आता तो कोपर नीट करा. आज सही नाहीये माझी कुठे."

तीन महिन्यांनी अभ्यासाला पुन्हा परवानगी मिळाली. या वेळी गादीखाली पातळ पट्टी होती. माणूस हलला की वेळ आपोआप उमटायची. रोज सकाळी डॉक्टरबाई स्वतः प्रत्येकाची पाठ आणि टाचा बघणार होत्या, आणि कुठे जरा जरी लाली दिसली, तर त्या खाटेची पिवळी चिठ्ठी लगेच निघणार होती. घड्याळजींनी पुन्हा सही केली. संगणकाने काढलेल्या सोडतीत त्यांना पुन्हा पिवळीच आली.

चिठ्ठ्या लागायच्या आदल्या दिवशी मावशी सिस्टरांच्या खोलीत गेली. "मला दुसरीकडे टाका," ती म्हणाली.

"अहो, आता तुम्हाला कळलंय ना सगळं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"मला कळलंय, बाई. माझ्या हातांना नाही कळलेलं. ते माझं ऐकायचे नाहीत."

सिस्टर उठल्या. त्यांनी कपाटातून बदलीचा कागद काढला, मग स्वतःच्या हाताने चहा गाळून मावशीपुढे ठेवला.

तिला तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत काम मिळालं. धुऊन आलेल्या चादरी मोजून घड्या घालायच्या, मळक्या वेगळ्या काढायच्या. तिच्या वॉर्डाचा मळका गठ्ठा सकाळी साडेदहाला खाली येई. त्यातली एकेक चादर ती खिडकीच्या उजेडात धरी. कमरेची जागा बघे, टाचांची जागा बघे. बहुधा चहाचे डाग असत. एकदा एक गुलाबीसर ठिपका दिसला आणि तिने ती चादर पुन्हा पुन्हा उजेडात फिरवून पाहिली. मग वास घेतला, तर औषधी पाणी निघालं.

वर काय चाललंय हे ती कुणाला विचारत नसे. विचारायचं नाही, असं तिनेच ठरवलं होतं. पहिले काही दिवस ती देवाजवळ नुसती बसून राहायची. काय मागावं तेच तिला सुचत नव्हतं. मग एका सकाळी, हातात चादरीचं एक टोक धरून उभी असताना, तिला मागणं सापडलं. देवा, चार तास पुरू देत. घड्याळजींची पाठ कोरी राहू दे. ही दोन तासांची कूस मी जन्मभर उगाचच बदलत आले असेन, तर तसंच ठरू दे. माझे श्रम वाया गेले म्हणून मी तुझ्याकडे कधी तक्रार घेऊन येणार नाही.

तिने चादरीची दोन्ही टोकं जुळवली, ती मळक्यांत ठेवली आणि पुढची चादर उजेडाकडे धरली.