अल खोरच्या दोन मुली

इनायाला हेल्मेटचा पट्टा लावता येत नव्हता. सामन्याचं दुसरं सत्र सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. ड्रेसिंग रूममध्ये बाकीच्या मुली पाणी पीत, एकमेकींची टर उडवत बसल्या होत्या आणि ही भिंतीकडे तोंड करून हनुवटीखाली चाचपडत उभी होती. बक्कल बोटांत येई आणि निसटून जाई. समोरच्या बाकावर स्केट्सच्या नाड्या आवळणारी नमिता हात थांबवून बघत राहिली.

पहिल्या सत्राच्या शेवटी इनाया भरवेगात कडेच्या कठड्यावर जाऊन आदळली होती. ती हसत उठली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण उठल्यावर ती आधी भलत्याच दिशेला निघाली होती, हे एकट्या नमिताच्या नजरेत आलं होतं. दहा वर्षं ती या बाईच्या चुका वेचत आली होती.

बाहेर बर्फाच्या रिंकच्या दारावर दोघींचा शाळेतला फोटो छापून मोठा फलक लावला होता, ‘अल खोरच्या दोन मुली’. त्यात खोटं काही नव्हतं; दोघी कतारमधल्या अल खोरलाच वाढल्या होत्या. नमिताचे वडील सदानंद गायधनी रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर, तर इनायाचे वडील युसुफचाचा त्याच प्लांटच्या गाड्यांचे सुपरवायझर, मूळचे खेडकडचे. दर शुक्रवारी दोन्ही पोरींना गाडीत घालून दोह्याला मॉलमधल्या रिंकवर न्यायचं काम चाचांकडे असे. बाहेर अंगाची लाही होत असे आणि या दोघी आत बर्फावर पकामागे, हॉकीच्या त्या रबरी चकतीमागे, धावत. त्या वेडापायी कॉलेज अर्धवट सोडून दोघी हंगेरीतल्या एका क्लबात जाऊन पोचल्या. पगार बेताचाच होता, पण व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू म्हणून करार झाला होता. नमिताच्या आईने, विभावरीने, कॉलनीत घरोघर पेढे वाटले होते.

दुसऱ्याच हिवाळ्यात सराव करताना नमिताच्या डोक्याला मार बसला. फ्लॅटवर येऊन तिने ओकाऱ्या काढल्या. इनाया मागे उभी राहून तिचे केस धरून होती.

“सांगू नकोस कुणाला,” नमिता म्हणाली होती.

“नाय सांगत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या डॉक्टरांनी नमिताला बोलावून घेतलं. महिन्याभरात करार रद्द झाला. तो वैद्यकीय अहवाल बघून दुसरा कुठलाही क्लब तिला दारात उभं करेना. मुख्य संघातली तिची जागा इनायाला मिळाली, आणि ती पुढे दहा वर्षं तिथे खेळली.

नमिता परत आली ती वेगळीच होऊन आली. ज्या रिंकवर खेळायला शिकली, तिथेच लहान मुलांना स्केटिंग शिकवू लागली. वडील गेल्यावर आईला घेऊन दोह्याजवळ मुऐदरला एका व्हिलाच्या खालच्या मजल्यावर राहायला आली. इनायाचा संघ हरला की नमिताला त्या दिवशी भूक चांगली लागे. इनायाचे फोन तिने घेतले नाहीत. लग्नाचं आमंत्रण आलं, ते उघडलं नाही. इनायाच्या आई, जाहिदाखाला, वारल्या तेव्हा विभावरी म्हणाली, “अगं, त्या माउलीने तुला भरवलंय. चल माझ्याबरोबर.” नमिता त्या दिवशी मुद्दाम जादा क्लास घेत बसली. स्वतःचं डोकं हंगेरीहून आल्यावरही वर्षभर दुखत होतं, हे तिने आईलाही कळू दिलं नाही. कळलं असतं तर इनाया बरोबर ठरली असती.

आजच्या प्रदर्शनीय सामन्यासाठी आयोजकांनी दोघींना एकाच संघात घातलं, तेव्हा तिने हो म्हटलं ते एवढ्याचसाठी की सगळ्या दोह्यासमोर तिला इनायाहून सरस खेळून दाखवायचं होतं. पहिल्या सत्रात तिने इनायाला एकदाही पक दिला नव्हता.

आता ती उठून इनायाजवळ गेली.

“आण, मी लावते.”

इनाया वळली. तिच्या एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसत होती, दुसऱ्यातली लहान. नमिताने बक्कल हातात घेतली आणि हळूच विचारलं, “आता आपला गोल कुठल्या बाजूला?”

इनायाने दाराकडे हात केला. मग बोटं मागे घेतली.

“काय नाय झालं गो. जरा गरगरतंय.”

“ओकलीस?”

इनायाने नमिताचं मनगट धरलं. “नमू, सांगू नकोस कुणाला. वर तो चष्मेवाला बसलाय ना, तो ऑस्ट्रियाच्या क्लबाचा माणूस हाय. दोन सीझन देतायत. तेहतिसाव्या वर्षी कोण देतं सांग? आजचा दिवस निघू दे, मग मी आराम करते. प्लीज.”

नमिताला वाटलं, छातीत काहीतरी गरम गरम पसरतंय. इतकं सोपं होईल, इतकं हुबेहूब होईल, असं तिने कधी मनातही आणलं नव्हतं. तिने पट्टा नीट बसवला, बक्कल लावली, वर गालावर थोपटलंसुद्धा.

“नाय सांगत,” ती म्हणाली. इनायाच्याच हेलात.

आणि दार उघडून ती थेट रिंकच्या कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टर सलमांकडे गेली.

“आप शुअर हैं?” डॉक्टरांनी विचारलं.

“सौ टक्का. उसका कॉन्ट्रॅक्ट होनेवाला है, इसलिए छुपा रही है,” नमिता म्हणाली. हे शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती. तिने आवाज मुद्दाम चढवला. वरच्या रांगेतला चष्मेवाला वाकून बघू लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे एकदा सरळ पाहिलं आणि मग ड्रेसिंग रूमकडे बोट दाखवलं.

डॉक्टर सलमांनी इनायाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, दोन प्रश्न विचारले आणि तिसरा विचारलाच नाही. अँब्युलन्स मागवली. चष्मेवाला दारापर्यंत आला, त्याने सगळं बघून घेतलं आणि फोन कानाला लावत निघून गेला. इनायाने त्याची पाठ पाहिली. मग नमिताला शोधलं.

बाकीच्या मुली बर्फावर गेल्या होत्या. खोलीत एकीकडे डॉक्टर फोनवर बोलत होत्या, आणि या दोघी.

“बदला घेतलास?”

“हो.”

“बरं वाटलं?”

“फार,” नमिता म्हणाली. “आता तू सांग. तेव्हा का सांगितलंस डॉक्टरला?”

इनाया बाकावर आडवी झाली होती. डोळे मिटून बोलू लागली. “तू मरशील म्हणून घाबरले होते. आणि तुझी जागा पण हवी होती. दोन्ही होतं. आधी कुठलं होतं ते आता आठवत नाय गो. लई येळा आठवून बघितलं.”

“मला आठवेल,” नमिता म्हणाली. “माझं काय आधी होतं, ते मला कायम आठवेल.”

ती स्टिक उचलून बाहेर गेली आणि अशी खेळली की तिला ओळखणाऱ्यांनीही तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. जी वाटेत आली तिला चकवून गेली. दोन गोल तिने स्वतः केले, तिसरा करून दिला. लोक तिचं नाव घेऊन ओरडत होते. सामना संपवून घामाने भिजून ती बाकावर आली तेव्हा आयोजक तिच्या हाती माइक देत होता. हॉस्पिटलमधून फोन आला होता. मेंदूत रक्तस्राव होता. दुसऱ्या सत्रात साधा धक्का लागला असता तरी जिवावर बेतलं असतं. नमिताने वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं. सगळं रिंक उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

नमिताने माइक घेतला नाही.

गाडीत बसली तोवर आईचा फोन आला. विभावरीचा आवाज भरून आला होता. “नमू, मला कळलं गं. सगळं पोटात घालून मैत्रिणीचा जीव वाचवलास. आज बाबा असायला हवे होते.”

“आई, तसं नाहीये ते.”

“असू दे. तू कधी बोलून दाखवणार नाहीस, मला माहितीय.”

तिने फोन ठेवला. दहा वर्षं जपून ठेवलेली एक गोष्ट तिने आज वापरली होती आणि ती लोकांनी हातातून काढून घेऊन तिचा हार केला होता. घरी जायचं सोडून ती हॉस्पिटलला गेली. निदान तिथे तरी कुणीतरी आपल्याला शिव्या देईल, असं तिला वाटलं.

वॉर्डाबाहेर युसुफचाचा एकटेच बसले होते. दाढी पांढरी झाली होती. इनायाच्या भावाला त्यांनी औषधं आणायला पाठवलं होतं. दाराच्या काचेतून इनाया दिसत होती, शुद्धीवर होती. तिने नमिताला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

चाचा उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला, तशी ती मागे सरली.

“चाचा, ती वाचावी म्हणून मी नाही सांगितलं. तिचं कॉन्ट्रॅक्ट जावं म्हणून सांगितलं. मला तेच हवं होतं.”

युसुफचाचा तिच्याकडे बघत राहिले. कॉरिडॉरमधून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली.

“जेवलीस काय?” त्यांनी विचारलं.

नमिताने नाही म्हणून मान हलवली.

ते खाली वाकले, बाकाखालचा डबा काढला. झाकण उलटं करून त्यात भात वाढला, वर मच्छीचं कालवण घातलं, काटे बघून बाजूला केले. झाकण तिच्यापुढे धरून ते उभे राहिले.

नमिता बाकावर बसली आणि तिने ते घेतलं.