भामाबाईच्या नऊ ओळी

मित्रांनो, मी मुकुंदवाडीतल्या टँकर-ऑफिसची जुनी सर्व्हरपेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. दुष्काळात कुठली वाडी कोरडी राहिली, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

मला मराठी लिहायला लावलं ऑफिसातल्या सुकेशनीताईनं. वाडीवरून तक्रारीचा फोन थेट माझ्याकडं यायचा, नि माझ्या नोंदीत आपोआप ओळ उमटायची: अमक्या वाडीला टँकर पोचला नाही. ताई सकाळी आल्या आल्या नोंद वाचायची नि आधी तिथं गाडी धाडायची. "माझी पेटी खोटं बोलत नाय," असं चारचौघांत सांगायची. मी फुगून जायचे.

मग शहर वाढलं. टँकर नव्या कॉलन्यांकडं वळले. ताई दुसऱ्या ऑफिसात गेली. माझी नोंद वाचायला नवे कॉम्प्युटर आले, पण त्यांत माझा जुना मराठी फाँट, म्हणजे माझ्या अक्षरांचा साचा, कुणी टाकलाच नाही. माझ्या धडधाकट ओळी पडद्यावर वेड्यावाकड्या खुणा होऊन दिसू लागल्या.

"म्हातारी बरळायला लागली," ताईच्या जागी आलेले आदिनाथसाहेब हसले. बरळत होती म्हणे! डोळे यांचे गेलेले, नि दोष माझ्या जिभेला.

एका दुपारी पिशोरकडच्या वाडीवरची भामाबाई आली. मेंढरं राखणारी, पायांना भेगा.

"साहेब, नऊ दिस झाले. रोज फोन करतो आमी. टँकर नाय."

"मावशी, कम्प्यूटरवर तुमची एकपण तक्रार नाय."

"मंग मी काय खोटं बोलायला यष्टीचं भाडं घातलं व्हय?"

नऊच्या नऊ ओळी माझ्या पोटात होत्या. पडद्यावरही होत्या. भामाबाई रिकामी परतली.

तिसऱ्या दिवशी कामानिमित्त ताई आली. पडद्याकडं एकदाच पाहिलं.

"अरे, ही बरळत नाय! हिचा फाँट कुठंय?"

तिनं फाँट टाकला. खुणांची अक्षरं झाली. भामाबाईच्या वाडीची पहिली ओळ वाचतानाच आदिनाथसाहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. रामकिसन लगेच टँकर घेऊन निघाला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, वाटेत कळलं, भामाबाई सकाळीच हंडा घेऊन विहिरीत उतरली होती. पाय घसरला, ती गेली... लोकं मेंढरं घेऊन वाडी सोडून निघून गेली. पाणी कुणाला देऊ?"

मित्रांनो, जुन्याचं बोलणं कळलं नाही, तर त्याला वेडं ठरवू नका. आधी आपण काय काढून टाकलं, ते बघा.

आता मला रोज पुसतात. माझी ओळ न् ओळ वाचतात. त्या वाडीवरून मात्र तक्रार येत नाही.